गॅझेटातले गाव

ज्याची वीस-बावीस वर्षे सरकारी नोकरीत गेली आहेत, त्याला 'गॅझेट' या शब्दाचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. गॅझेट म्हणजे राजपत्र. नेमणुका, बदल्या, नियम, अधिसूचना, जमिनींच्या याद्या आणि नाव बदलून घेणाऱ्या नागरिकांची जुनी व नवी नावे त्यांत छापली जातात. एखादी गोष्ट गॅझेटात आली म्हणजे ती झाली, आणि जोवर आली नाही तोवर ती घडूनही घडली नाही, अशी आमच्या कचेऱ्यांतली श्रद्धा असते. आवडीने वाचण्यासारखे त्यांत काही असेल असे मात्र कोणी म्हणणार नाही. हा शब्द मुळात व्हेनिस नगरीतला. तिथे 'गॅझेटा' नावाचे एक हलके नाणे होते आणि त्या नाण्याला मिळणाऱ्या बातमीपत्रालाही पुढे तेच नाव पडले, असे व्युत्पत्तिकार सांगतात. म्हणजे हे गॅझेट जन्मले ते बाजारात. कचेरीत ते मागाहून आले.

आज मी ज्या गॅझेटाविषयी बोलणार आहे त्याचा जन्म असाच, अर्धा बाजारात आणि अर्धा कचेरीत झाला. 'व्हर्जिनिया गॅझेट' हे त्याचे नाव. ज्या गावात ते निघाले ते विल्यम्सबर्ग गाव पुढे ओसरले, विस्मृतीत गेले, आणि सुमारे दीडशे वर्षांनी लोकांनी ते पुन्हा जसेच्या तसे उभे केले. ते उभे करताना जे कागद समोर ठेवले होते, त्यांत या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांचे स्थान फार मोठे होते. वृत्तपत्र गावाविषयी लिहिते हे आपण नेहमी पाहतो. येथे वृत्तपत्रावरून गाव बांधले गेले. पण ते बांधताना त्याच वृत्तपत्राचा एक मोठा भाग वाचूनही न वाचल्यासारखा झाला. ती चूक कशी झाली आणि कशी दुरुस्त होत गेली, हे मला आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जेम्स आणि यॉर्क या दोन नद्यांच्या मधल्या भूभागावर विल्यम्सबर्ग वसले आहे. व्हर्जिनिया ही तेव्हा इंग्लंडची वसाहत होती. तिची पहिली राजधानी जेम्सटाउन. तेथील विधिमंडळाची इमारत १६९८ साली जळाली आणि १६९९ साली राजधानी विल्यम्सबर्गला आली. एका टोकाला महाविद्यालय, दुसऱ्या टोकाला विधिमंडळ, मधून जवळजवळ एक मैल लांबीचा सरळ रुंद रस्ता, आणि त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने, खानावळी व घरे, अशी गावाची मांडणी होती. अमेरिकन क्रांतीच्या सुमारास गावची वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर होती. न्यायालयाची आणि विधिमंडळाची अधिवेशने भरली म्हणजे चहूकडून जमीनदार, वकील, व्यापारी आणि कज्जेदलाल येत व गाव फुगून जाई. त्या दोन हजारांत निम्मी किंवा त्याहून थोडी अधिक माणसे आफ्रिकी वंशाची होती, आणि त्यांतली बहुतेक सर्व गुलाम होती. हा आकडा कृपा करून ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या गावात ६ ऑगस्ट १७३६ रोजी विल्यम पार्क्स नावाच्या मुद्रकाने 'व्हर्जिनिया गॅझेट' हे साप्ताहिक सुरू केले. पार्क्स मोठा उद्योगी माणूस होता. शेजारच्या मेरीलंड वसाहतीत त्याने आधीच एक वृत्तपत्र काढले होते. विल्यम्सबर्गमध्ये त्याने सरकारी कायदे छापले, डाकघर सांभाळले, १७४२ साली पाककृतींचे एक पुस्तक छापले आणि पुढे कागदाची गिरणीही काढली. फिलाडेल्फियाचा बेंजामिन फ्रँकलिन, जो स्वतः मुद्रक होता, त्याला या गिरणीसाठी चिंध्या पुरवी आणि त्याच्याकडून कागद घेई. त्या काळी कागद चिंध्यांचा होत असे. शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवावयाची, कातड्याच्या गोळ्यांनी शाई थोपटावयाची, आणि लाकडी दाबयंत्राचा दांडा ओढून एकेक पान काढावयाचे, असा तो व्यवसाय होता.

या साप्ताहिकात असे काय? लंडनहून जहाजाने येणाऱ्या कित्येक आठवड्यांपूर्वीच्या बातम्या, गव्हर्नराच्या घोषणा, आल्यागेल्या जहाजांच्या नोंदी, एखादे पद्य, एखादा वाद, आणि मग जाहिराती. जाहिरातींनी पानेच्या पाने भरलेली असत. पुढच्या काळातल्या अंकांच्या तळाशी दर छापलेले असत. वर्षाची वर्गणी साडेबारा शिलिंग; मध्यम लांबीच्या जाहिरातीस पहिल्या आठवड्याला तीन शिलिंग आणि पुढे दर वेळी दोन शिलिंग. गावात नवे कापड आले की जाहिरात. केसांचे टोप करणाऱ्याने दुकान हलवले की जाहिरात. घोडा हरवला, घर विकावयाचे आहे, भागीदारी मोडली, की जाहिरात. संपादकाच्या मते वृत्तपत्राचा प्राण बातम्यांत होता. पण लंडनच्या बातम्या लंडनच्या पत्रांतही सापडतात. विल्यम्सबर्ग सापडते ते या तीन शिलिंगांच्या मजकुरातच.

मुद्रक सरकारचे काम करीत असला म्हणजे त्याच्या लेखणीला कोणते वळण लागते, हे सांगावयास नको. सरकारी छपाई हाच त्याचा मुख्य आधार. १७६५ साली स्टँप कायद्याविरुद्ध पॅट्रिक हेन्रीने विधिमंडळात ठराव मांडले. ते दूरच्या वसाहतींतल्या वृत्तपत्रांत छापून आले. परंतु ज्या गावात ते मांडले गेले तेथील गॅझेटाच्या तत्कालीन मुद्रकाने, जोसेफ रॉइल याने, ते छापले नाहीत. तेव्हा गव्हर्नरास न रुचणारे काही छापून येत नाही म्हणून काही मंडळींनी मेरीलंडहून विल्यम रिंड यास बोलावून आणले. त्याने १७६६ च्या मे महिन्यात दुसरे पत्र काढले. गमतीची गोष्ट अशी की त्याचेही नाव 'व्हर्जिनिया गॅझेट'च! सरकारी सूचना आणि अधिकृत छपाई मिळवावयाची तर वसाहतीचे नाव धारण करणे सोयीचे असे. आपले पत्र सर्व पक्षांना खुले आहे आणि कोणाच्याही दडपणाखाली नाही, असे ब्रीद रिंडने छापले. तो १७७३ साली वारला, तेव्हा त्याची पत्नी क्लेमेंटिना हिने छापखाना हाती घेतला. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने तिला सरकारी मुद्रक नेमले; आणि त्याच वर्षी तिच्या छापखान्यातून टॉमस जेफर्सनची, ब्रिटिश अमेरिकेच्या हक्कांचे प्रतिपादन करणारी पुस्तिका बाहेर पडली. १७७४ च्या सप्टेंबरात तीही वारली. १७७५ साली तर या एवढ्याशा गावात एकाच नावाची तीन वृत्तपत्रे निघत होती.

मग युद्ध आले. राजधानी अधिक सुरक्षित स्थळी, रिचमंडला, १७८० साली हलली. राजधानीमागे वकील गेले, वकिलांमागे खानावळी गेल्या, आणि छापखानेही गेले. योगायोग असा की ज्या वर्षी विल्यम्सबर्गचे गॅझेट गाव सोडून गेले, त्याच वर्षी जानेवारीत आपल्या देशात कलकत्त्याला जेम्स ऑगस्टस हिकी याने 'बेंगाल गॅझेट' हे हिंदुस्थानातले पहिले वृत्तपत्र काढले होते. एका गावात दिवा मालवला, आणि पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला एक लागला. या दोन दिव्यांच्या उजेडात एक गोष्ट सारखीच दिसते. तिच्याकडे मी शेवटी येईन.

राजधानी गेल्यावर विल्यम्सबर्ग झोपी गेले. गव्हर्नराचा वाडा १७८१ सालीच जळाला होता. जुने विधिमंडळ १८३२ साली आगीत नाहीसे झाले. ज्या रॅले खानावळीत बरखास्त झालेल्या विधिमंडळाचे सभासद जमून पुढचे बेत ठरवीत, ती १८५९ साली जळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या मुख्य रस्त्यावर विजेचे खांब, मोटारींची दुकाने आणि पत्र्याची छपरे आली होती. पण तेथील ब्रूटन पॅरिश चर्चचे धर्मगुरू डॉक्टर डब्ल्यू. ए. आर. गुडविन यांना त्या खांबांआडचे जुने गाव दिसत असे. १९२६ साली त्यांनी जॉन डी. रॉकफेलर, धाकटे, यांचे मन वळवले. रॉकफेलरांचे नाव कळले तर जागांचे भाव आकाशाला भिडतील, म्हणून खरेदी गुप्तपणे चालली. पहिल्या घराच्या खरेदीस संमती देणाऱ्या तारेवर सही होती, ती 'डेव्हिडचे वडील' अशी. गावाला वाटे, या धर्मगुरूपाशी एवढा पैसा आला कोठून! शेवटी १२ जून १९२८ रोजी गावसभेत नाव उघड करण्यात आले. सभेने योजनेला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. मात्र एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने तेव्हा एक प्रश्न विचारला: डॉलर तर मिळतील, पण गाव आपले राहील का? इतिहासाने तो प्रश्न जपून ठेवला आहे.

जीर्णोद्धाराचे काम कसे चालले ते पाहण्यासारखे आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात १९२९ साली एक तांब्याचा कोरीव पत्रा सापडला. त्यावर गावातल्या मुख्य इमारतींची चित्रे होती. जेफर्सनने काढलेला गव्हर्नराच्या वाड्याचा आराखडा मिळाला. १७८२ साली कोणा फ्रेंच माणसाने काढलेल्या नकाशात जवळजवळ प्रत्येक घराची जागा दाखवली होती. जमीन खणून पाये शोधले गेले. जुनी म्हणून ८० हून अधिक घरे राखली गेली, आणि नंतरच्या काळातल्या सातशेहून अधिक इमारती पाडण्यात आल्या. रॅले खानावळ १९३२ साली पुन्हा उघडली. १९३४ साली वाडा आणि विधिमंडळ उभे राहिले, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मुख्य रस्त्याच्या उद्‌घाटनास आले.

पण नकाशा घराची जागा सांगतो. त्या घरात काय चाले ते सांगत नाही. कोणत्या दुकानात कोणती चीज मिळे, कोणाच्या खिडकीत कोणते कापड टांगलेले असे, बागेत कशाचे बी पेरीत, हे सांगितले गॅझेटाने. मुद्रणालयाच्या जागेवर उत्खनन झाले तेव्हा मातीत शिशाचे जुने खिळे सापडले. ज्या खिळ्यांनी गावाचे वर्णन छापले, ते गावानेच पोटात जपून ठेवले होते. १९५० साली लेस्टर कॅपन आणि स्टेला डफ या दोघांनी १७३६ ते १७८० या काळातल्या सर्व उपलब्ध अंकांची सूची दोन खंडांत प्रसिद्ध केली. सूची हे रूक्ष काम समजले जाते. पण त्या दिवसापासून त्या गावातला प्रत्येक सुतार, शिंपी आणि वैद्य नावाने हाक मारल्याबरोबर उठून उभा राहू लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच दिवसांत गॅझेटाचाही जीर्णोद्धार झाला. १९३० साली जे. ए. ऑसबर्न यांनी, रॉकफेलरांच्या उत्तेजनाने, 'व्हर्जिनिया गॅझेट' या जुन्या नावाने गावाचे वृत्तपत्र नव्याने चालते केले. जुन्या अक्षरांचे मस्तक, आणि खाली नगरपालिका, शाळा आणि हवामान! घरांप्रमाणे वृत्तपत्रही पुन्हा बांधता येते, ही कल्पना मनोहर आहे. परंतु त्यातली अडचणही उघड आहे. एका धनवंताच्या औदार्यावर उभ्या राहिलेल्या गावाचे वृत्तपत्र काढणे आणि गव्हर्नराच्या छपाईवर जगणारे वृत्तपत्र काढणे, या दोहोंपुढे उभा राहणारा प्रश्न एकच आहे. रॉइलने १७६५ साली त्याचे उत्तर एका प्रकारे दिले, रिंडने १७६६ साली दुसऱ्या प्रकारे दिले. छापखाना चालू राहावा म्हणून काही गोष्टी छापावयाच्या नाहीत, की काही गोष्टी छापता याव्यात म्हणून छापखाना चालवावयाचा, या निवडीतून कोणत्याही गावाच्या संपादकाची सुटका नसते.

आता मी मघाशी ध्यानात ठेवावयास सांगितलेल्या आकड्याकडे येतो. गावातली निम्मी माणसे कोठे गेली?

जीर्णोद्धार करणाऱ्यांनी गॅझेटातल्या जाहिराती बारकाईने वाचल्या, यात शंका नाही. अँथनी हे या नावाचा एक उत्तम लाकूडकाम करणारा कारागीर त्या गावात होता. १७६७ साली त्याने तो धंदा सोडून रॅले खानावळ विकत घेतली, आणि त्याची कर्मशाळा दुसऱ्याने चालवावयास घेतली. हे जाहिरातींवरूनच कळते. ओढ्याकाठची ती कर्मशाळा आज पुन्हा उभी आहे आणि तीत जुन्या हत्यारांनी खुर्च्या-मेजे घडवली जातात. परंतु हे १७७० साली वारला आणि त्याच्या मालमत्तेच्या विक्रीची जाहिरात आली, तिच्यात विकावयाच्या गुलामांचाही समावेश होता. त्या गुलामांत एक निष्णात लाकूडकारागीर असल्याचे तीत सांगितले आहे. म्हणजे ज्या खुर्च्यांवर मालकाच्या नावाची मोहोर उमटली, त्यांतल्या काही या नाव नसलेल्या हातांनी केल्या असल्या पाहिजेत. दोन्ही जाहिराती एकाच गावच्या, एकाच घराण्याच्या. पहिल्या जाहिरातीवरून कर्मशाळा उभी राहिली. दुसऱ्या जाहिरातीतला कारागीर बरीच वर्षे कागदातच राहिला.

आणि अशा जाहिराती थोड्याथोडक्या नव्हत्या. पळून गेलेल्या गुलामांना पकडून देणाऱ्यास बक्षीस, अशा मजकुराने गॅझेटाचे अंकच्या अंक भरलेले आहेत. १४ सप्टेंबर १७६९ च्या अंकात अशीच एक जाहिरात आहे. सँडी नावाचा सुमारे पस्तीस वर्षांचा गुलाम पळाला आहे. तो जोडे शिवतो, त्या कामात डावा हात चालवतो, थोडे सुतारकाम जाणतो, घोडे चांगले हाकतो. पळताना त्याने एक पांढरा घोडा आणि जोडे शिवण्याची हत्यारे नेली आहेत. खाली जाहिरातदाराचे नाव आहे: टॉमस जेफर्सन. पुढे सात वर्षांनी ज्याने सर्व मानव समान निर्माण झाले आहेत असे लिहिले, तोच हा. सँडी सापडला, आणि १७७३ साली जेफर्सनने त्यास शंभर पौंडांस विकले.

श्रोतेहो, या जाहिरातींचा एक विलक्षण गुण आहे. मालकाला माणूस परत हवा असतो, म्हणून त्याला त्याचे वर्णन खरे करावे लागते. तो खोटे लिहील तर पैसे वाया जातील. एरवी खातेवहीत ज्याची नोंद नुसत्या नावाने आणि किमतीने होई, त्याचा चेहरा, चाल, बोलण्याची ढब, अंगावरचे कपडे, हातातले कसब, कपाळावरचा व्रण, पाठीवरचे वळ, तो कोणाला भेटावयास गेला असेल याचा अंदाज, हे सारे मालकाला स्वतःच्या लेखणीने लिहावे लागे. माणूस पकडण्यासाठी विणलेल्या त्या जाळ्यात माणसाचे चित्र अडकून राहिले. मालकाने तीन शिलिंग मोजले ते गुलामाला परत आणण्यासाठी. अडीचशे वर्षांनी ती जाहिरात साक्ष देते ती मालकाविरुद्ध.

परंतु ही साक्ष घ्यावयास नवे विल्यम्सबर्ग लवकर तयार झाले नाही. रंगरंगोटी केलेली घरे, कातरलेल्या बागा, टोप घातलेले सभ्य गृहस्थ, आणि स्वातंत्र्याची भाषणे, असे ते प्रेक्षणीय गाव बरीच वर्षे होते. गावातल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनी १७७६ च्या सुमारास स्थापन केलेल्या बॅप्टिस्ट मंडळीची जुनी विटांची प्रार्थनावास्तू याच जीर्णोद्धाराच्या ओघात १९५० च्या दशकात पाडली गेली आणि पुढे त्या जागेवर मोटारी उभ्या राहू लागल्या. १९७९ साली प्रथम काही आफ्रिकी-अमेरिकन कलावंत गुलामांच्या भूमिकेत गावात वावरू लागले. १० ऑक्टोबर १९९४ रोजी तेथे गुलामांच्या लिलावाचे दृश्य सादर करण्यात आले. त्यावर देशभर वादंग झाले. हे दुःख तमाशा होऊन जाईल, असे निषेध करणाऱ्यांना वाटत होते. दृश्य योजणाऱ्यांत आणि त्यात भाग घेणाऱ्यांत आफ्रिकी-अमेरिकन कर्मचारी पुढे होते. जे घडले ते झाकून ठेवणे हाच अपमान आहे, असे त्यांचे म्हणणे होते. निषेधास आलेल्या एका नेत्याने दृश्य पाहिल्यावर आपले मत बदलले. २०२० साली त्या मोटारतळाचे उत्खनन सुरू झाले. खाली मंडळीच्या पहिल्या वास्तूचा पाया लागला, आणि ६० हून अधिक कबरींच्या खुणा मिळाल्या.

याहून अधिक बोलकी गोष्ट एका शाळेची आहे. १७६० साली विल्यम्सबर्गमध्ये कृष्णवर्णीय मुलांसाठी एक शाळा निघाली. लंडनच्या ब्रे मंडळाने ती काढली; तिच्यासाठी हे गाव सुचवले बेंजामिन फ्रँकलिनने. तिच्या पहिल्या व्यवस्थापकांत विल्यम हंटर हा गृहस्थ होता, आणि हा हंटर म्हणजे त्या वेळचा 'व्हर्जिनिया गॅझेट'चा मुद्रक. ॲन वेजर नावाची विधवा बाई शिकवीत असे. मुलांना धर्म शिकवावा, आज्ञाधारकपणा शिकवावा, आणि त्यासाठी वाचावयास शिकवावे, एवढाच संस्थापकांचा हेतू होता. गुलामी मोडण्याचा विचार त्यात नव्हता. ही शाळा १७७४ पर्यंत चालली. तिची लाकडी इमारत नंतरच्या काळात दुसऱ्या घराच्या पोटात दडून गेली होती. लाकडातल्या वर्तुळांवरून तिचे वय ठरले, आणि २०२३ साली ती चाकांवर ठेवून जीर्णोद्धारित भागात नेण्यात आली.

त्या शाळेच्या मुलांच्या तीन याद्या उपलब्ध आहेत. १७६५ च्या यादीत आयझॅक नावाचा एक मुलगा आहे. जॉन ब्लेअर या बड्या अधिकाऱ्याच्या मालकीचा. ब्लेअर वारला आणि मुलगा दुसऱ्या हाती गेला. मग १७७४ च्या सप्टेंबरात गॅझेटात एक जाहिरात येते. आयझॅक बी नावाचा तरुण गुलाम पळाला आहे. तो पूर्वी ब्लेअर यांचा होता. त्याचा बाप स्वतंत्र माणूस होता, म्हणून आपल्यालाही स्वातंत्र्याचा हक्क आहे असे त्याला वाटते. त्याला वाचता येते. लिहिता येते की नाही हे मालकाला ठाऊक नाही.

ही जाहिरात मी प्रथम वाचली तेव्हा किती तरी वेळ पुढचे पान उलटले नाही. गॅझेटाच्या मुद्रकाने ज्या शाळेस हातभार लावला त्या शाळेत हा मुलगा वाचावयास शिकला. आणि ज्या गॅझेटात तो पुढे पळालेला गुलाम म्हणून छापला गेला, ते गॅझेट आता तो स्वतः वाचू शकत होता. त्या वर्षी त्याच गावात जेफर्सनची हक्कांची पुस्तिका छापली गेली हे मी सांगितलेच आहे. तीत साम्राज्याला सांगितले होते की आम्हांला जन्मतः हक्क आहेत. आयझॅक बीचे म्हणणे यापेक्षा वेगळे ते काय होते? फरक इतकाच की एकाचे म्हणणे पुस्तिका म्हणून छापले गेले, आणि दुसऱ्याचे, त्याला पकडण्याच्या जाहिरातीत, त्याच्या मालकाच्या तोंडून.

हे ऐकून आपण समाधानाने म्हणू, ही अमेरिकेतली गोष्ट. मघाशी मी दोन दिव्यांच्या उजेडात दिसणाऱ्या सारख्या गोष्टीचा उल्लेख केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात निघणारी इंग्रजी वृत्तपत्रे चाळा. त्यांतही गुलाम मुलांच्या विक्रीच्या आणि पळून गेलेल्यांच्या शोधाच्या जाहिराती आहेत. पेशवेकाळात आपल्याकडे वृत्तपत्र नव्हते. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले ते ६ जानेवारी १८३२ रोजी. परंतु पेशवेकालीन दप्तरांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, आणि त्या वाड्यांचे वैभव वर्णिताना त्यांची आठवण क्वचितच कोणाला होते. उद्या एखादी जुनी पेठ आपण जशीच्या तशी उभी केली, तर दिंडी दरवाजा, कारंजे आणि देवघर आपण हौसेने करू. पाणी भरणारीची खोली करू का?

शेवटी माझ्या टेबलाकडे येतो. प्रकल्पासाठी जमीन घ्यावयाची झाली म्हणजे अधिसूचना राजपत्रात आणि वृत्तपत्रांत प्रसिद्ध करावी लागते. खाली परिशिष्ट असते: गावाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र, धारकाचे नाव. माझ्या सहीने अशी काही परिशिष्टे छापली गेली आहेत. त्यांत काही चूक नसे. प्रत्येक गट क्रमांक मी तपासून घेत असे. पण त्या गटात दुसऱ्याच्या बांधावर ज्यांची हयात गेली, त्यांचे नाव त्या परिशिष्टात येत नाही. ते वेगळ्या पाहणीत, वेगळ्या कागदावर शोधावे लागते, आणि शोधणाऱ्याने मनापासून शोधले नाही तर सापडतही नाही. दोनशे वर्षांनी कोणी ते बुडालेले गाव आमच्या गॅझेटावरून उभे करू लागला, तर त्याला जमिनी सापडतील, मालक सापडतील; निम्मे गाव सापडणार नाही. विल्यम्सबर्गच्या मालकांना निदान पळालेल्या माणसाचे वर्णन तरी करावे लागत होते.

ते 'व्हर्जिनिया गॅझेट'चे जुने अंक आज कोणालाही घरबसल्या पडद्यावर वाचता येतात. आपण कधी ते वाचले, तर लंडनच्या बातम्या खुशाल सोडून द्याव्यात आणि शेवटच्या पानावरच्या बारीक टायपापासून आरंभ करावा. मी हल्ली माझ्यापुढे येणारी परिशिष्टेही त्याच क्रमाने वाचतो. आणि सही करण्यापूर्वी तलाठ्याला एक प्रश्न अधिक विचारतो, की या यादीत नसलेली माणसे कोण?